लोकाग्रहास्तव एक फेक

मुलीचा विद्यापीठाच्या संघातला पहिला सामना पाहायला मी गेले, त्या दिवसातलं सगळ्यात स्पष्ट काय आठवत असेल, तर जाळीवर भाजणाऱ्या सॉसेजचा वास आणि त्या जाळीभोवती गोल करून उभी असलेली पुरुषांची पोटं. ही पोटं संघाच्या जुन्या खेळाडूंची होती. हे लोक दर सामन्याला येतात, मैदानाकडे पाठ करून बिअर पितात आणि अधूनमधून मान वळवून खेळणाऱ्या मुलांबद्दल निकाल देतात. मी इथे जर्मनीत, एश्बॉर्नला, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच मला पगार मिळतो. पण त्यासाठी आधी समोरची वस्तू नीट बघावी लागते. हे लोक बघतही नव्हते.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा, पण अंगावर न पडता खेळायचा. प्रत्येकाच्या कमरेला दोन पट्ट्या लोंबत असतात. ज्याच्या हातात चेंडू, त्याची पट्टी प्रतिस्पर्ध्याने ओढली की डाव तिथेच थांबतो. आमच्या विद्यापीठात मुलंमुली एकत्र खेळतात. दर डावाला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि आपल्यातलं कोण कुठे पळतंय हे बघून त्याने तो दोनतीन सेकंदांत कोणाकडे तरी फेकायचा असतो. संघाची नवी क्वार्टरबॅक म्हणजे माझी मुलगी. वय एकोणीस, शिक्षण मेकॅनिकल इंजिनीअरिंग, आणि घरी स्वतःचा चहाचा कपसुद्धा न उचलणारी. मैदानावर मात्र ती सहासात जणांना हाताच्या एका खुणेने इकडून तिकडे हलवत होती. मला तर ही आपलीच का, असं झालं.

मी जाळीजवळ उभ्या असलेल्या एकाला, फार आनंदाने, ती माझी मुलगी असं सांगितलं. त्याने सॉसेजचा घास गिळला आणि म्हणाला, "हात चांगला आहे. पण त्याच्यासारखा नाही."

'तो' म्हणजे कोण ते मला पुढच्या तासाभरात पुरतं कळलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी या संघात एक क्वार्टरबॅक होता. त्याने म्हणे मैदानाच्या एका टोकावरून फेकलेला चेंडू दुसऱ्या टोकाला जायचा. त्याने फेकला असता तर हा झेल सुटला नसता. त्याने इतका वेळ घेतला नसता. मुलीने एक सुंदर चेंडू दोघांच्या मधून नेमका तिसऱ्याच्या हातात घातला, तेव्हा हे सगळे खूष होऊन ओरडले, "अगदी तो!" म्हणजे चुकली तर ती, आणि जमलं तर तो. मला त्या वासाची आणि त्या पोटांची तिथेच शिसारी आली.

ते निदान जर्मन होते, परके होते. पुढे आपली माणसं यात उतरली, आणि मग मात्र माझ्या डोक्यात जायला लागलं.

झालं असं, की गावाच्या वर्तमानपत्रात मुलीचा फोटो आला. छोटाच, रद्दीत गेला असता तरी कळलं नसतं इतका. नवऱ्याने तो कापून, त्याचा फोटो काढून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आमच्या मंडळात बहुतेक जण पुण्यामुंबईचे इंजिनीअर. निम्मे र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कामात, निम्मे माझ्यासारखे सॉफ्टवेअरमध्ये. तोवर या खेळाचा चेंडू गोल असतो की लांबट हेही ज्यांना माहीत नव्हतं, ती माणसं आठवड्याभरात या विषयातली जाणकार झाली. अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने शनिवारी असतात आणि तिथली दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे भजी तळून एकत्र बसायला निमित्त मिळालं. दर शनिवारी कोणाच्या तरी घरी मोठ्या टीव्हीसमोर हे लोक बसायचे आणि कॉलेजात नुकत्याच आलेल्या कोणा अमेरिकन पोराला जुन्या थोरांच्या शेजारी उभं करून मापायचे. पोराने पहिला चेंडू फेकला की हा पुढचा अमुक. दुसरा चुकला की छे, अमुकची सर याला नाही. क्रिकेटमध्ये हेच करत यांचं बालपण गेलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक पोरात यांनी पुढचा कोणी ना कोणी पाहिला होता आणि त्यातला एकही पुढे दिसला नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष यात सगळ्यांच्या पुढे. ते माझ्या नवऱ्याच्या कंपनीत त्याच्याहून बरेच वरच्या जागेवर आहेत, वयानेही मोठे. एका शनिवारी आमच्याकडे बसले असताना ते त्यांच्या नेहमीच्या मराठी-जर्मन-इंग्रजी मिसळीत मला म्हणाले, "तुझ्या मुलीचं फुटवर्क बघितलं मी व्हिडिओत. गेनाऊ तेच! सेव्हन्टीजमध्ये तो एक ग्रेट होता ना, एक्झॅक्टली त्याची स्टाइल."

मी विचारलं, "अहो, कोण तो?"

"अगं तो... नाव आत्ता येत नाहीये तोंडावर. डाव्या हाताने टाकायचा बघ."

"ती उजव्या हाताने टाकते."

"हो, हो, पण ओव्हरऑल ग्रेस," असं म्हणून त्यांनी भजं उचललं.

नवऱ्याचं तर कामच तुलनेचं. त्याच्या विभागात दुसऱ्या कंपनीची नवी गाडी विकत आणतात, तिचे सगळे भाग सुटे करून लांबच लांब टेबलांवर मांडतात, शेजारी आपल्या गाडीचे भाग ठेवतात, आणि आपलं कुठे कमी पडतं ते बघतात. याला ते बेंचमार्किंग म्हणतात. वीस वर्षं हे करून करून त्याला कुठलीही वस्तू एकटी दिसतच नाही. त्याने घरच्या टीव्हीवर दोन चौकटी केल्या. एका चौकटीत मुलगी, दुसऱ्या चौकटीत चाळीस वर्षांपूर्वीचा कोणी अमेरिकन. दोघंही अगदी हळू हळू हात मागे नेतायत. "बघ, इथे तुझं कोपर खाली येतं. त्याचं बघ." मुलगी सकाळचं दूध-कॉर्नफ्लेक्स खात सोफ्यावर बसलेली असायची. आमची मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. ती जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, तो माणूस माझ्यापेक्षा चाळीस किलो जड आहे."

"म्हणूनच टेक्निक महत्त्वाचं," तो म्हणाला.

सुरुवातीला ती हसायची. तिला गंमत वाटत असावी, आणि एकोणिसाव्या वर्षी कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं तर ते कोणाला आवडत नाही? पण हळूहळू ती सामन्यावरून आली की सरळ न्हाणीघरात जायला लागली. मी कसं झालं विचारलं तर "ठीक" एवढंच. तिने एकदा मला सांगितलं, की मी कशी खेळले असं कोणाला विचारायची सोयच राहिलेली नाही, कारण उत्तरात नेहमी दुसऱ्याच कोणाचं तरी नाव येतं. मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मोठ्या लोकांशी कम्पेअर करतायत, कॉम्प्लिमेंट आहे ती."

पुढच्या उन्हाळ्यात ती गोष्ट आली, जिच्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला. अमेरिकेतल्या एका कॉलेजात मुलींचा असाच संघ होता. त्यांना तिचे व्हिडिओ आवडले. त्यांच्या प्रशिक्षक बाई नोव्हेंबरमध्ये युरोपातल्या काही मुलींना प्रत्यक्ष बघायला येणार होत्या, आणि त्यांना पसंत पडली तर दोन वर्षं तिकडे शिकायचं आणि खेळायचं, फी माफ. आमच्या घरात सगळ्यांना आयुष्यभर जे हवं होतं, ते आधी दुसऱ्या कोणालातरी हवं होतं म्हणून हवं होतं. इंजिनीअरिंग, परदेश, घर. हे मात्र तिला एकटीलाच हवं होतं. ती रात्री जेवताना त्या गावाचं हवामान वाचून दाखवायची. तिथे बर्फ किती पडतो, नदी कुठली आहे, वसतिगृहात स्वयंपाकघर आहे का.

आणि मग तिने लांब फेकायचा सराव सुरू केला. तिच्या खेळात इतकं लांब फेकावं लागतच नाही, हे मला तिच्याच एका मैत्रिणीने सांगितलं. पण जाळीजवळची पोटं 'तो एका टोकावरून दुसऱ्या टोकाला' हे इतक्या वेळा म्हणाली होती, आणि घरातल्या दोन चौकटींतला तो जाडजूड माणूस इतक्या लांब फेकत होता, की तीही संध्याकाळी एकटी मैदानावर जाऊन फेकत बसायची. ऑगस्टमध्ये तिचा उजवा खांदा धरला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासून सांगितलं, आत सूज आहे, अजून काही फाटलेलं नाही, पण आता एकही चेंडू फेकायचा नाही. त्यांनी जी तारीख सांगितली ती नवरात्राच्या आसपास येत होती. म्हणजे विश्रांती घेतली तर नोव्हेंबरपर्यंत हात तयार. मुलीने निमूटपणे ऐकलं. तिने चेंडू कपाटावर टाकून दिला आणि रोज लवचीक पट्ट्या ताणण्याचे व्यायाम करायला लागली. इतकी शहाणी ती दहावीच्या वर्षीही नव्हती.

त्या दिवसांत एका सामन्याला ती नुसतीच बघायला गेली आणि मीही सोबत गेले. त्या दिवशी तो आला होता. 'तो'. जाळीजवळच्या लोकांनी त्याला मिरवत माझ्याकडे आणलं. पन्नाशीकडे आलेला, टक्कल पडायला लागलेला, शांत चेहऱ्याचा माणूस. मी हात पुढे केला तर त्याने डावा हात दिला. बाकीचे बिअर आणायला गेल्यावर तो मला म्हणाला, "तुमच्या मुलीला माझ्याबरोबर तोलतात म्हणे."

"दर आठवड्याला," मी म्हणाले.

"माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालायला बायको मदत करते. तिसऱ्या वर्षी मी खेळणं सोडलं, ते यामुळे. याबद्दल ते कधी काही बोललेत?"

"नाही."

"बोलणार नाहीत. त्यांना तो चेंडू आठवतो." तो एवढंच म्हणाला आणि त्याने मुलीच्या खांद्याची नीट चौकशी केली. कोणत्या हालचालीला दुखतं, झोपताना दुखतं का. माझ्या ओळखीत तिच्याबद्दल असे प्रश्न विचारणारा तो पहिलाच माणूस. परत येताना गाडीत मी नवऱ्याला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, "त्या काळी स्पोर्ट्स मेडिसिन कुठे होतं गं एवढं?"

मग गणपती आले. मंडळ दरवर्षी गावातलं ब्युर्गरहाउस, म्हणजे नगरपालिकेचं सभागृह, एका शनिवारपुरतं भाड्याने घेतं. आरती, लहान मुलांचे नाच, मोदक, आणि या वर्षी 'सत्कार'. आपल्याला सत्काराची भारी हौस. कोणी काही केलं की त्याला उभा करायचा, त्याच्या अंगावर शाल टाकायची, हातात नारळ द्यायचा आणि मग तो अवघडून उभा असताना त्याच्याबद्दल बोलत सुटायचं. मुलीला जायचं नव्हतं. ती म्हणाली, मी अजून काही जिंकलेलंच नाही. नवरा म्हणाला, अध्यक्षांनी स्वतः सांगितलंय, बरं दिसत नाही. ती माझी अबोली रंगाची साडी नेसली आणि आली.

मी बाजूच्या दारात मोदकांचं ताट घेऊन उभी होते, व्यासपीठापासून चार हातांवर. अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. त्यात त्यांनी एकामागून एक अमेरिकेचे थोर क्वार्टरबॅक काढले, प्रत्येकाच्या एकेका गुणाचं नाव घेतलं आणि ते सगळे गुण माझ्या मुलीत कोंबले. मग क्रिकेटचे कप्तान आले. मग रणरागिणी आली. मी त्यांना शनिवारी भजी खाताना पाहिलेलं होतं. त्यांनी तिचा एकही सामना मैदानावर येऊन बघितलेला नव्हता. या मुलीला पहाटे उठून कुठल्या थंडीत सरावाला जावं लागतं, कुठल्या सामन्यात ती रडली, कुठल्या सामन्यात तिने चूक कबूल करून सगळ्यांची माफी मागितली, यातलं एक अक्षर त्या भाषणात नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

शाल झाली. मग अध्यक्षांनी हळदकुंकू लावलेला, शेंडी ठेवलेला नारळ उचलला, आणि तिच्या हातात देता देता थांबले. नारळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. त्यांना काहीतरी सुचल्याचं मला दारातून दिसलं.

"अरे, हा तर तुझाच बॉल!" ते माइकवर म्हणाले. सभागृह हसलं. "काय मंडळी? आपल्या क्वार्टरबॅकचा एक थ्रो होऊन जाऊ दे! लोकाग्रहास्तव!"

लोकांना तेवढंच हवं होतं. थ्रो, थ्रो, असा गजर सुरू झाला. मंडळाच्या बॅडमिंटनच्या ग्रुपमधला एक जण धावत सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि हात पसरून उभा राहिला. बायकांनी पोरांना बाजूला ओढलं. मुलगी नारळ पोटाशी धरून उभी होती.

मी ताट खाली ठेवलं आणि पुढे होऊन म्हणाले, "अहो, तिला मनाई आहे. तिचा खांदा दुखावलाय. फेकायचं नाही म्हणून सांगितलंय तिला."

अध्यक्षांनी माइक तोंडाशी नेला. "आईचं काळीज! आया असंच म्हणणार." पुन्हा हशा. "अगं, नारळ आहे, बॉल थोडाच आहे? बाप्पासमोर काही होत नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पहिल्या रांगेत होता, फोन डोळ्यांसमोर धरून. त्याला मनाई माहीत होती. फिजिओथेरपिस्टकडे तोच तिला गाडीने न्यायचा. तो फोन तसाच धरून म्हणाला, "एकच टाक गं, हळू."

ही मुलगी विद्यापीठातल्या प्राध्यापकाला तोंडावर नाही म्हणते. ट्रॅममध्ये पाय वर ठेवून बसलेल्या माणसाला पाय खाली घ्यायला लावते. पण अंगावर शाल आहे, समोर गणपती आहे, वडलांच्या साहेबांनी नारळ हातात दिलाय आणि सगळे काका, मावश्या टाळ्या वाजवतायत, अशा वेळी नाही कसं म्हणायचं ते तिला आम्ही कोणीच शिकवलेलं नव्हतं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. पदर खोचला. आणि हात मागे नेला.

हळू फेकून तो नारळ त्या टोकाला गेलाच नसता, आणि वाटेत लहान मुलांच्या डोक्यावर पडला असता. हे तिला कळत होतं, म्हणून तिने जोरात फेकला. नारळ फिरत फिरत, सगळ्यांच्या डोक्यांवरून, झेंडूच्या माळा चुकवत गेला आणि त्या माणसाच्या पसरलेल्या हातांत बसला. सभागृह दणाणलं. आणि नारळ तिच्या हातून सुटला त्याच क्षणी ती ओरडली. छोटंसंच, दारात बोट चेमटल्यावर माणूस ओरडतो तसं. मी चार हातांवर होते, मला ऐकू आलं. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते.

ती खाली वाकली आणि घसरलेली शाल डाव्या हाताने उचलली.

तिकडे लगेच सुरू झालं होतं. त्या अमुकने असा थ्रो केला असता का? छे, त्याचा बॉल हलका. हा नारळ आहे, वजन बघा. एक जण सभागृहाची लांबी पावलांनी मोजायला लागला. मी तिला बाजूच्या खोलीत नेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती एकच वाक्य म्हणत होती, की काही नाही, बसेल, बसेल. जेवणाच्या पंगतीला नाही बसलं तर लोक विचारत बसतील म्हणून ती पाच मिनिटं बसली. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने वरणभात खायला लागली. समोरच्या एक बाई म्हणाल्या, "काय गं, डाव्या हाताने जेवतेस? इकडे वाढलेल्या मुलांना अगदीच कसं वळण नाही." मला त्या क्षणी त्या वरणभाताची, त्या झेंडूची, त्या सगळ्या सभागृहाची किळस आली. मी तिला उठवलं आणि सरळ हॉस्पिटलच्या नोटआउफनामेमध्ये, तातडीच्या विभागात घेऊन गेले.

जे आधी फाटलं नव्हतं, ते आता फाटलं होतं. ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन झालं. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन बाई आल्या, बाकीच्या मुली खेळल्या, आमची मुलगी हात गळ्यात अडकवून कडेला बसली. ती कशाला गेली मला माहीत नाही, मी जाऊ नको म्हटलं होतं. बाई तिच्याशी खूप चांगलं बोलल्या. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. घरी आल्यावर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, लहानपणी रडायची तशी, नाक पुसायचंही भान नाही. हवामान वाचून दाखवणं तर कधीच थांबलं होतं.

मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली. 'गेट वेल सून' आलं. आणि मग, ज्याची मला खात्रीच होती, तेही आलं. एकाने लिहिलं, सगळ्या ग्रेट लोकांना इंज्युरी होतेच, आणि कोणाला कुठल्या वर्षी कुठे लागलं होतं याची चर्चा सुरू झाली. तिच्या फाटलेल्या खांद्यालाही त्यांनी रांगेत उभं केलं. मी ग्रुप सोडला. नवऱ्याने नाही सोडला.

त्याने काढलेला नारळाचा व्हिडिओ तर सगळीकडे फिरला. कोणीतरी तो संथ करून, मागे ढोलताशा लावून, शेजारी एका थोराचा तसाच चेंडू जोडून सुंदर बनवला होता. नवरा तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की ती ओरडली. तो म्हणाला, "खुशीत ओरडली असेल गं. एवढा परफेक्ट थ्रो!" मी त्याच्याशी भांडले, मग भांडायचं सोडलं, मग काही दिवस बोलायचंच सोडलं. तो वाईट बाप नाही. ऑपरेशनच्या रात्री तो हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून होता. पण त्या चौकटीतून तो डोळे काढायला तयार नव्हता.

नाताळच्या सुट्टीत एका संध्याकाळी अध्यक्ष, त्यांची बायको आणि आणखी दोघं सामना बघायला आमच्याकडे आले. नवऱ्याने बोलावलं होतं, मला आदल्या दिवशी सांगितलं. अमेरिकेच्या कॉलेजांमधला मोठा सामना होता आणि एका संघात एक नवा क्वार्टरबॅक होता, एकोणीस वर्षांचा. चेहऱ्यावर अजून पुटकुळ्या. सुरुवातीच्या पाच मिनिटांतच त्याचं मोजमाप सुरू झालं. हा पुढचा तो. छे, तो असा घाबरायचा नाही. मी स्वयंपाकघरात पावभाजी घोटत होते आणि प्रत्येक वाक्यागणिक माझा हात जोरात चालत होता. मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीत खांद्याला पट्टा लावून बसली होती. मध्यंतर झालं, आणि अध्यक्ष म्हणाले, "अरे, आपल्या मुलीचा थ्रो लाव ना. आल्झो, याच्याशी कम्पेअर करून बघू."

नवऱ्याने फोन टीव्हीला जोडला. ढोलताशा सुरू झाला.

"हा नको," मुलगी म्हणाली. "तुझ्या फोनमधला लाव, बाबा. म्युझिक नसलेला. आणि आवाज वाढव."

नवऱ्याला बरं वाटलं असावं. त्याने मूळ व्हिडिओ शोधून लावला आणि आवाज वाढवला. थ्रो, थ्रो, असा गजर खोलीत भरला. माझा आवाज लांबून, अर्धवट आला. अध्यक्षांचं 'आईचं काळीज' आलं. ते खुर्चीत बसून हसले. मग एक आवाज सगळ्यांपेक्षा मोठा आला, कारण तो फोनच्या अगदी जवळचा होता. "एकच टाक गं, हळू." आणि लगेच तिचं ओरडणं.

टीव्हीवर टाळ्या वाजत राहिल्या. नवऱ्याने व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला. स्वतःचा आवाज. तिचा आवाज. तो तिसऱ्यांदा मागे नेत होता, तेव्हा त्याच्या हातातून फोन निसटून सोफ्यावर पडला. तो मुलीकडे न बघता म्हणाला, "तेव्हाच?"

"तेव्हाच," ती मराठीत म्हणाली.

"तरी रिलीज बघा काय क्लीन आहे," अध्यक्ष म्हणाले. "अरे, पण आता मॅच लाव परत, सेकंड हाफ सुरू झाला असेल."

नवरा तोंडावर दोन्ही हात घेऊन बसला होता, त्याने काही लावलं नाही. मी गॅस बंद केला, बाहेर पॅसेजमध्ये गेले, खुंटीवरचे चारही कोट काढले आणि आणून अध्यक्षांच्या मांडीवर ठेवले. त्यांच्या बायकोने विचारलं, "अगं, जेवायचं?" मी दार उघडून धरलं. पावभाजी सहासात जणांची होती, ती आम्ही तिघांनी पुढे दोन दिवस खाल्ली.